पुंज संगणन ओळख कार्यशाळा

पुंज संगणनाची, म्हणजे बोलण्यातल्या क्वांटम कॉम्प्युटिंगची, विद्यार्थ्यांना व नवशिक्यांना पहिली ओळख करून देणारी एक-दोन दिवसांची कार्यशाळा. ती चालवणारे अनेकदा आदल्या वर्षीच शिकलेले विद्यार्थी असतात. मे २०१६ मध्ये आयबीएमने आपला पाच क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) संगणक इंटरनेटवरून सर्वांना खुला केला, पुढच्या वर्षी किस्किट हे मुक्त सॉफ्टवेअर आले आणि अशा कार्यशाळांना वाट मिळाली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीच भरवायचा ‘किस्किट फॉल फेस्ट’ हा त्यातला सर्वांत परिचित उपक्रम. अशा संगणकातले अतिसंवाहक क्युबिट निरपेक्ष शून्यापेक्षा अंशाच्या काही सहस्रांशांनीच वर, इतक्या थंडीत ठेवावे लागतात. असे यंत्र गावोगावी येणार नाही आणि येण्याची गरजही नाही : ते इंटरनेटवरूनच वापरायचे असते. मुंबईच्या विद्यार्थ्याला ते जितके दूर, तितकेच गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा किंवा देवरीच्या विद्यार्थिनीलाही.

मराठी विश्वकोशाने क्वांटमसाठी ‘पुंज’ हा शब्द वापरला. गोंदिया-भंडाऱ्यात तो परका नाही. कापलेल्या धानाचे भारे बांधून त्यांचा जो ढीग रचतात, त्याला इथे पुंजणे म्हणतात. १९०० मध्ये माक्स प्लांकने मांडलेली कल्पना याच चित्राने सांगता येते : ऊर्जा धारेसारखी सलग येत नाही, भाऱ्याभाऱ्याने येते आणि पुंजण्यात अर्धा भारा कोणी रचत नाही. उपमेचा धागा याहून ताणू नये, पण पहिल्या तासाला ती पुरते.

साध्या संगणकाचा बिट ० असतो किंवा १. क्युबिटची अवस्था या दोन्हींच्या मिश्रणाची असू शकते, मात्र मोजले की ० किंवा १ यांपैकी एकच हाती लागते. हे समजावताना उडवलेल्या नाण्याचे उदाहरण हमखास दिले जाते. ते अपुरे आहे, आणि चांगल्या कार्यशाळेची सुरुवात ते अपुरे का हे दाखवण्यापासून होते. नाणे एकदा उडवा वा दोनदा, छापा-काट्याची शक्यता निम्मी-निम्मीच राहते. शून्य अवस्थेतल्या क्युबिटवर हॅडमार्ड ही क्रिया एकदा केली तर निकाल निम्मा-निम्मा येतो. तीच क्रिया मध्ये न मोजता लागोपाठ दोनदा केली तर दर वेळी नेमके शून्यच येते. कारण क्युबिटच्या अवस्थेतले आकडे ऋणही असू शकतात आणि ते एकमेकांना खोडतात. बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, दोन खडे टाकून पाहिलेल्या मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की तिथले पाणी क्षणभर सपाट होते. ‘क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. चुकीची उत्तरे एकमेकांना खोडतील आणि बरोबर उत्तर उरेल अशी रचना करणे, हे या शास्त्रातले खरे कसब. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेली शोधरीत याचा सुटसुटीत नमुना आहे. चार पेट्यांपैकी एकीतली वस्तू शोधायला एरवी तीनदा झाकण उघडावे लागू शकते. या रीतीने एकाच विचारणेत ती सापडते. दहा लाख नोंदींसाठी विचारणा हजाराच्या आत राहतात.

संगणकाला हात लावण्याआधी दोन प्रयोग करून घ्यावेत. पहिला पोलरॉइडच्या तीन तुकड्यांचा. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची फिल्मही चालते. दोन तुकडे एकमेकांना काटकोनात धरले की अंधार होतो. त्यांच्या मधोमध तिसरा तुकडा पंचेचाळीस अंशांत सरकवला की पहिल्यातून आलेल्या प्रकाशाचा चौथा भाग पलीकडे जातो. अडथळा वाढवला आणि उजेड वाढला! मोजमाप स्वतःच अवस्था बदलते, हे इथे डोळ्यांना दिसते. दुसरा प्रयोग पत्त्यांचा आहे : बेनेट व ब्रासार यांनी १९८४ मध्ये मांडलेली गुप्त किल्ली पाठवण्याची पद्धत. पाठवणारा, घेणारा आणि मधला चोर अशी तीन मुले ‘उभी’ किंवा ‘तिरकी’ मांडणी मनाने निवडतात. पाठवणारा आणि घेणारा यांच्या मांडण्या जुळल्या तेवढीच पाने ठेवायची, म्हणजे सुमारे निम्मी. मांडणी न जुळता पाहिलेल्या पानाचा निकाल नशिबावर जातो. म्हणून चोराने प्रत्येक पान पाहिले असेल, तर ठेवलेल्या पानांपैकी जवळपास चौथा हिस्सा चुकीचा निघतो. चोर पकडला जातो, आणि वर्गाला अनेकदा याच खेळात पहिल्यांदा रस येतो.

मग लॅपटॉप. दोन क्युबिट गुंफून, म्हणजे त्यांचे निकाल एकमेकांशी बांधून, १०२४ वेळा मोजले की ‘००’ आणि ‘११’ साधारण निम्मे-निम्मे येतात. खऱ्या यंत्रावर थोडे ‘०१’ आणि ‘१०’ही डोकावतात. ही यंत्राची चूक लपवू नये; आजच्या क्वांटम यंत्रांची खरी अडचण तीच आहे.

अशी यंत्रे भारतातही घडू लागली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याची डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी टीसीएसच्या साथीने सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. राष्ट्रीय क्वांटम मिशनला १९ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी मिळाली. २०३०-३१ पर्यंतची त्याची तरतूद ६,००३.६५ कोटी रुपयांची आहे. त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. ही सारी ठिकाणे राज्याच्या पश्चिम टोकाला आहेत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा पूर्व टोकाला.

गणिताची धास्ती अनाठायी आहे. लागणारी मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्या राज्य मंडळाच्या अकरावीतच येतात. अडते ते भाषेपाशी. दहावीपर्यंत मराठीत किंवा हिंदीत शिकलेले मूल अकरावी विज्ञानात एकदम इंग्रजीत ढकलले जाते, आणि या जिल्ह्यात घरची बोली पोवारी, गोंडी वा छत्तीसगढीही असते. म्हणून संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी समजावणे मुलांच्या भाषेत हवे. गोंदियातले धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय किंवा मनोहरभाई पटेल अभियांत्रिकी संस्था यांसारखी ठिकाणे अशा कार्यशाळेसाठी स्वाभाविक आहेत. नोकरीचे आमिष मात्र दाखवू नये : दोन दिवसांत कोणी क्वांटम अभियंता होत नाही.

जागतिक क्वांटम दिन १४ एप्रिलला असतो. महिना आधी लिहिला की ही तारीख ४.१४ होते, आणि ४.१४ हे प्लांकच्या स्थिरांकाचे, इलेक्ट्रॉनव्होल्ट-सेकंदात लिहिल्यास, पूर्णांकन करून येणारे पहिले तीन अंक. त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असते आणि त्या निमित्ताने ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम चालतात. त्या अठरांपैकी दोन तास पोलरॉइडच्या तीन तुकड्यांना आणि पत्त्यांच्या एका जोडाला जरूर द्यावेत.