दूध गेलं कुठं? सापगावच्या वर्गात वाचलेली 'अ‍ॅनिमल फार्म'

जॉर्ज ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म' ज्यांनी वर्गात शिकली, त्यांना तिचा अर्थ पाठ असतो. म्हातारा डुक्कर मेजर म्हणजे मार्क्स, त्यात थोडा लेनिन. नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, राबणारा घोडा बॉक्सर म्हणजे रशियातला कामगार. प्राणी मालकाला हाकलतात, डुकरे मालक होतात, शेवटी माणूस कोण आणि डुक्कर कोण हे ओळखू येत नाही. तात्पर्य काय, तर बंड करून काही उपयोग नाही. उत्तरपत्रिकेत एवढे लिहिले की गुण मिळतात.

आमचा वाद या तात्पर्याशी आहे. ज्याच्या पोटाला आज चिमटा नाही, त्याला हे तात्पर्य फार सोयीचे असते. पण शहापूर तालुक्यातल्या वाडी-पाड्यावरच्या मुलीने ते का मान्य करावे? यंदा मे महिन्यात सापगावला आम्ही काही जण मुलांबरोबर रविवारी वाचनाचा वर्ग चालवत होतो. मुले दहावी-बारावीची आणि कॉलेजची. बौद्ध, ठाकूर, कातकरी, आगरी, कुणबी अशी सगळी मिसळ. पुस्तक मराठीत, आळीपाळीने मोठ्याने वाचायचे ठरले. पहिले दोन रविवार आम्हीच समजावून सांगत बसलो, रशियाचा इतिहास फळ्यावर लिहिला, आणि मुले जांभया देत राहिली. तिसऱ्या रविवारी आमच्यातल्या एकाला उशीर झाला, तर मुलांनीच वर्ग सुरू केला होता. अकरावीतली एक मुलगी खुर्चीवर बसून विचारत होती, "ते दूध गेलं कुठं?"

कादंबरी वाचलेल्यांना प्रसंग आठवेल. मालकाला हाकलल्यावर पहिल्याच दिवशी गाईंचे दूध काढले जाते. सगळे प्राणी गवत कापायला शेतावर जातात आणि परत येतात तो दूध गायब. पुढे कळते की ते डुकरांच्या खाण्यात कालवले जाते, आणि पाठोपाठ सफरचंदेही त्यांचीच होतात. शिकवणारे हा प्रसंग ओलांडून पवनचक्कीकडे जातात. मुलांचे घोडे मात्र तिथेच अडले. कारण सोपे होते. सापगावच्या पुलाखालून भातसा वाहते. वर भातसा धरण आहे, पलीकडे तानसा, ते तर १८९२ सालचे. दोन्हींचे पाणी मुंबईला जाते आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. पाणी गेले कुठे, हे या मुलांना रूपक म्हणून सांगावे लागत नाही. एक कातकरी मुलगा म्हणाला, "डुकरं दूध पिऊन खोटं तरी बोलतात, की हे तुमच्यासाठीच पितो. आम्हाला कोणी तेवढं पण सांगत नाय."

आम्ही मागच्या सतरंजीवर बसलो. खुर्ची परत मागितली नाही.

विद्यार्थ्याने असे पुढे होऊन बोलणे ही आपल्याकडे कोणी बाहेरून आणून दिलेली पद्धत नव्हे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ताबाई या मातंग विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती, वय चौदाच्या आसपास. वेद वाचण्याचा अधिकार फक्त ब्राह्मणांचा असेल, तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला, तोही विद्यार्थी म्हणूनच. पुढे बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तिथे विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे. जानेवारी १९५० मध्ये देशाचे कायदेमंत्री असलेले बाबासाहेब त्या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. विद्यार्थ्याला श्रोता नव्हे तर सभासद मानण्याची ही रीत आहे, आणि आज आपल्याच किती वसतिगृहांत, किती अभ्यासिकांत ती शिल्लक आहे, हे ज्याने त्याने तपासावे.

रूपक उलगडून त्यातले राजकारण बाहेर काढणे हेही आपल्याला नवे नाही. १८७३ सालचे 'गुलामगिरी' उघडा. सगळे पुस्तक धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाचे आहे. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव अवतारकथांचा एकेक पापुद्रा काढत जातात. मासा, कासव, वराह यांत ते देव बघत नाहीत. बाहेरून येऊन इथली जमीन बळकावणाऱ्या टोळ्यांचे नायक बघतात, आणि बळीला पाताळात घालणारा वामन हा त्यांच्या लेखी राज्य हिरावणारा असतो. ऑर्वेलने राजकारण घेतले आणि त्याची प्राण्यांची गोष्ट केली. फुल्यांनी त्याच्या बहात्तर वर्षे आधी प्राण्यांच्या गोष्टी घेतल्या आणि त्यांतले राजकारण उघडे केले. (वराह म्हणजे डुक्कर, हे मुलांनीच लक्षात आणून दिले. त्यावर बराच वेळ हशा चालला.)

आता त्या तात्पर्याकडे येऊ. पुस्तक लंडनमध्ये १७ ऑगस्ट १९४५ रोजी प्रसिद्ध झाले. त्याआधी अनेक प्रकाशकांनी ते नाकारले होते, कारण युद्धात रशिया इंग्लंडचा दोस्त होता आणि दोस्ताला दुखवायचे नव्हते. पुढे शीतयुद्धात वारे फिरले. १९५४ सालच्या कार्टूनपटामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता आणि त्यात शेवटच बदलला, प्राणी डुकरांवर चाल करून जातात असा. म्हणजे कादंबरीचा अर्थ कोणी लावायचा, यावर महासत्तासुद्धा पैसे खर्च करीत होत्या. आपल्या वर्गांत तो अर्थ फुकट सोडून द्यायचे काय कारण?

तेच १९४५ साल आपल्या ठाणे जिल्ह्यात कसे गेले ते बघा. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. टिटवाळा सापगावपासून काही फार लांब नाही. तिथे वारली आले होते. मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि ठरले की यापुढे जमीनदाराची वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राबायचे नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर सावकाराची होत, त्यांना लग्नगडी म्हणत. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीवरून संघर्ष पेटला आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच आदिवासी मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी हे सगळे 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहून ठेवले आहे. वेठ हा शब्द महारवाड्यालाही नवा नाही, त्यामुळे हा इतिहास 'त्यांचा' म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

त्या बंडाचे पुढे काय झाले? सगळे मिळाले असे कोणी म्हणणार नाही. जमिनीचा प्रश्न आजही वनहक्काच्या दाव्यांत अडकून पडलेला आहे. पण त्या भागातली वेठ मोडली ती मोडली. तात्पर्य पाठ करून घेणाऱ्यांना या जिल्ह्याचा इतिहास उलट उत्तर देतो. ठाकूर समाजातल्या एका मुलाने ते आमच्यापेक्षा बरे सांगितले. त्याची आजी सांगे की तिच्या सासऱ्याला शेठच्या वाड्यावर फुकट लाकडे फोडायला जावे लागे आणि तिच्या नवऱ्याला जावे लागले नाही. "मंग बंड वाया कसं गेलं?" यावर शिक्षकाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत उत्तर नाही.

मग शेत डुकरांच्या ताब्यात का गेले? वर्गाने यावर दोन रविवार घेतले. मुलांचे बोट ठेवले गेले ते भिंतीवर. शेतावर सात नियम डांबरी भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले असतात. डुकरांना उत्तम वाचता येते. कुत्र्यांना येते, पण नियमांपलीकडे वाचायची त्यांना इच्छा नाही. क्लोव्हर घोडीला अक्षरे येतात, शब्द जुळत नाहीत. बॉक्सर चौथ्या अक्षराच्या पुढे जात नाही. रात्री कोणीतरी येऊन नियमाला दोन शब्द जोडतो. बिछान्यात झोपायला बंदी होती, ती फक्त चादरीच्या बिछान्यापुरती उरते. सकाळी क्लोव्हरला वाटते की आपल्यालाच नीट आठवत नसेल. एका रात्री तर शिडी मोडून पडलेली, शेजारी रंगाचा डबा आणि कुंचला, आणि तिथेच डुकरांचा प्रचारक स्क्विलर. तरी बहुतेकांना अर्थ लागत नाही. नियम लिहिलेले होते, पण वाचणारे मूठभर होते. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले त्याला ही गोष्ट रशियाची वाटेल, की घरची?

आणि इथे बेंजामिन गाढव आले. त्याला कोणत्याही डुकराइतके वाचता येते, पण वाचण्यासारखे काही नाही असे म्हणत तो गप्प राहतो. बॉक्सर राबून कोसळतो, त्याला दवाखान्यात नेतो म्हणून गाडी येते, तेव्हा कुठे बेंजामिन पहिल्यांदा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो की गाडीवर खाटिकाचे नाव आहे. तोवर गाडी हललेली असते. मुलांत भांडण लागले. एक म्हणाला, बेंजामिन म्हणजे भटजी, वाचता येत असून सांगत नाही. खुर्चीवरची मुलगी म्हणाली, नाही, तो डुकरांत जेवत नाही, तो आपल्यातच राहतो, आपल्यातलाच आहे. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुमच्यातले किती जण नोकरीला लागल्यावर वाडीत परत आले?"

आम्ही चौघे. तिघे सरकारी नोकरीत, एक निवृत्त. चौघांची घरे कल्याण-बदलापूरकडे. उत्तर द्यायला वेळ लागला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची आपली निराशा जाहीर सभेत बोलून दाखवली होती. ते भाषण आम्ही दर सहा डिसेंबरला दुसऱ्यांना ऐकवतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड निघाला. आपला नेपोलियन कोण? वर्गाला येऊन बसलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले, म्हणाले, हे इथे नको, विरोधकांच्या हाती कोलीत मिळते. खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच आले आणि आमच्यातल्या एकाने विषय बदलायचा प्रयत्न केला. मुलांनी बदलू दिला नाही. मग सांगावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत त्यात फूट पडली. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांनी जो लढा उभा केला, त्याची किंमत धोतर आणि सूट यांच्या वादात कमी केली गेली. १९७२ ला दलित पँथर आली, १९७४ मध्ये फुटली. त्यानंतर किती गट झाले हे मोजायचे आम्ही सोडून दिले आहे. प्रत्येक गटाच्या फलकावर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याच्याशेजारी एक जिवंत फोटो आहे, दर निवडणुकीला आकाराने वाढणारा.

ज्येष्ठांचे म्हणणे आम्हाला पटत नाही ते एवढ्यासाठी, की २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी धोका दाखवला तो नेमका हाच. धर्मात भक्ती आत्म्याला तारत असेल, राजकारणात ती माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बॉक्सरचे पाठांतर आठवा. नेपोलियनचे नेहमी बरोबरच असते, आणि मी आणखी राबेन, हीच त्याची दोन वाक्ये. शेतावर सर्वांत ताकदवान तो, आणि खाटिकाकडेही तोच जातो. हे मुलांनी आपल्याच पक्षांबद्दल विचारले म्हणून चळवळीचे नुकसान होते, असे ज्यांना वाटते, त्यांनी विरोधकांची काळजी करण्याआधी कुंचला कोणाच्या हातात आहे ते बघावे. ज्येष्ठ कार्यकर्ते त्या दिवशी चहा न घेताच गेले. पुढच्या रविवारी मात्र आले आणि मागे आमच्याबरोबर सतरंजीवर बसले.

पुस्तक जूनच्या पहिल्या पावसात संपले. आता 'गुलामगिरी' वाचायची आहे. जोतीरावांचे संवाद आम्ही वाचतो, असे आम्ही सुचवले. मुलांनी आधीच वाटणी केली होती. जोतीराव तो कातकरी मुलगा होणार आहे, धोंडिबा ती अकरावीतली मुलगी. आम्हाला पाड्यावरून येणाऱ्यांसाठी रिक्षाचे बघायला सांगितले आहे.