यंत्राची साक्ष



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'संगणकाचा धंदा आणि आजचे प्रश्न' या विषयावर बोलायला सांगितले. गेली पंचवीस वर्षे मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरीत आलो आहे, त्यामुळे या धंद्याविषयी माझी मते पुष्कळ आहेत. परंतु धंदेवाईकाची मते म्हणजे बहुधा त्याच्या तक्रारी असतात, आणि त्या ऐकण्यासाठी आपण उन्हातान्हातून इथवर यावे असे मला वाटत नाही. म्हणून मतांऐवजी एक इतिहास सांगतो. तो अलीकडचा आहे, आणि त्यातली माणसे पोस्टाच्या तिकिटांचा व निवृत्तिवेतनाचा हिशेब ठेवणारी तुमच्याआमच्यासारखी आहेत. मते काय व्हायची ती त्यातून आपोआप होतील.

इंग्लंडात खेडोपाडी पोस्टाची कचेरी म्हणजे सरकारी इमारत नव्हे. एखाद्याचे किराणामालाचे दुकान असते आणि त्याच्या एका कोपऱ्यात पोस्टाचा गल्ला. हा गल्ला सांभाळणारा उपपोस्टमास्तर हा पोस्टाचा नोकर नसून करारदार असतो. आयुष्याची पुंजी घालून, पुष्कळदा कर्ज काढून, तो हे दुकान विकत घेतो. त्याच्या करारात एक कलम असे की, त्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे गल्ल्यात तूट आली तर ती त्याने स्वतःच्या खिशातून भरावी. हिशेब कागदावर होता तोवर हे कलम फारसे जाचक नव्हते. तूट आली की माणूस रात्री दिवा लावून बसे, पावत्या एकेक करून ताडून पाही, आणि पहाटेपर्यंत चूक सापडे. आपल्याकडचे जुने मुनीम रोजकीर्द आणि खतावणी मांडून हेच करीत आले.

१९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने आयसीएल या संगणक कंपनीच्या एका शाखेशी मोठा करार केला. आयसीएल ही पुढे पूर्णपणे जपानच्या फुजित्सू कंपनीत विलीन झाली. मूळ हेतू होता सरकारी भत्ते कार्डावर देण्याचा, म्हणजे त्यातली लबाडी थांबेल. काम रेंगाळले, आणि मे १९९९ मध्ये भत्ते देणाऱ्या खात्याने अंग काढून घेतले. उरले ते पोस्टाच्या पदरी पडले. लग्न मोडले, पण मांडवाचा खर्च झालाच आहे म्हणून त्याच मांडवात दुसरे कार्य उरकावे, तसा हा प्रकार झाला. 'होरायझन' नावाची ही यंत्रणा १९९९ पासून हजारो कचेऱ्यांत बसवण्यात आली.

आणि ठिकठिकाणी तुटी दिसू लागल्या.

हँपशायरमधील साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन नावाच्या बाई पोस्ट चालवीत. एकदा पडद्यावर दोन हजार पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदतकेंद्राला फोन केला. तिकडून सांगितल्याप्रमाणे बटणे दाबली, आणि डोळ्यांदेखत दोन हजारांचे चार हजार झाले. अशी तूट वाढत वाढत छत्तीस हजारांवर गेली. त्यांनी घर गहाण टाकले. चोरीचा आरोप मागे घेतला जावा म्हणून खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. २००८ साली शिक्षेच्या दिवशी गावकरी कोर्टात जमले, त्यांनी पैसेही गोळा करून दिले, आणि तुरुंगवास टळला. बाईंना मदतकेंद्राने काय सांगितले होते? असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. हेच वाक्य त्या काळात देशभर कितीतरी जणांना सांगण्यात आले.

ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी मदतकेंद्राला ९१ वेळा फोन केला. तूट सुमारे पंचवीस हजार पौंडांची. वकील परवडेना म्हणून ते स्वतःच उभे राहिले, आणि २००७ साली हरले. पोस्टाचा कोर्टखर्च ३ लाख २१ हजार पौंड त्यांच्या अंगावर पडला व ते दिवाळखोर झाले. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा या मूळच्या भारतीय बाई. त्यांच्यावर ७४ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप होता. चोरी आपण केली नाही, असे त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या. यंत्रणेची कागदपत्रे मिळावीत म्हणून त्यांच्या वकिलांनी पुनःपुन्हा अर्ज केले, ते व्यर्थ गेले. ११ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

इथे आपण विचाराल की, इंग्लंडातली न्यायालये एवढी भोळी कशी? याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात ६९ वे कलम होते. संगणकाचा कागद पुराव्यात आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवून द्यावे, असा त्याचा आशय. हे कलम वकिलांना कटकटीचे वाटे. १९९७ मध्ये कायदा आयोगाने ते काढून टाकण्याची शिफारस केली, १९९९ च्या कायद्याने ते रद्द झाले, आणि एप्रिल २००० पासून ही तरतूद अमलात आली. मग उरले ते जुने गृहीतक: यंत्र बिघडल्याचे कोणी दाखवीपर्यंत ते ठीकच चालत आहे असे मानावे. हे गृहीतक घड्याळासाठी व रस्त्यावरच्या दिव्यांसाठी ठीक होते. घड्याळ बंद पडले तर लहान मुलालाही दिसते. परंतु प्रोग्रॅममधली चूक अशी दिसत नाही. तो लाख वेळा बरोबर चालतो आणि लाख-एकव्या वेळी, एका विशिष्ट योगावर, चुकतो. आणि चुकल्यावरही त्याचा चेहरा तितकाच शांत असतो.

म्हणजे पाहा, ज्या सुमारास होरायझन गावोगाव बसत होते, त्याच सुमारास त्याची उलटतपासणी करण्याचे हत्यार कायद्याने आरोपीच्या हातून काढून घेतले. त्यात भर ही की इंग्लंडात पोस्टाला स्वतः खटले भरण्याची जुनी वहिवाट होती. फिर्यादी तेच, तपास करणारे तेच, खटला चालवणारेही तेच. आणि बिघाड सिद्ध करायला लागणारी नोंद कोणाच्या ताब्यात? पोस्टाच्या व कंपनीच्या. कुलूप आपल्या घराला आणि किल्ली सावकाराकडे, अशी ही स्थिती.

आता त्या चुका कशा होत्या, हे माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगणे माझे काम आहे. स्कॉटलंडमध्ये डालमेलिंग्टन येथे २०१५ साली एका बाईंनी आठ हजार पौंड दुसऱ्या केंद्राकडे पाठवल्याची नोंद केली. पडदा गोठला. आपण सर्वच करतो तसे त्यांनी बटण पुन्हा पुन्हा दाबले. दर दाबण्यागणिक यंत्राने नवी नोंद धरली आणि आठाचे बत्तीस हजार केले. फॉलकर्कच्या कॅलेंडर स्क्वेअर कचेरीच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी एक चूक वर्षानुवर्षे तशीच राहिली. तिच्यामुळे एकाच कचेरीतल्या दोन यंत्रांचे हिशेब एकमेकांशी जुळेनासे होत. २०१० मध्ये आढळलेल्या आणखी एका चुकीची झळ ६२ कचेऱ्यांना लागली. आणि सर्वांत गंभीर बाब ही की, दूर बसलेले कंपनीचे कर्मचारी उपपोस्टमास्तराच्या नकळत त्याच्या हिशेबात फेरफार करू शकत. असे होऊच शकत नाही, असे पोस्ट वर्षानुवर्षे सांगत आले होते.

एक बारीकशी गोष्ट मला विशेष झोंबली. १९९८ साली, यंत्रणा बसण्यापूर्वीच, कंपनीच्या आतल्या एका तपासणी गटाने अहवाल लिहिला. त्यात प्रोग्रॅमचा एक तुकडा दिला आहे. संख्येचे चिन्ह उलटवायचे, अधिकचे उणे करायचे, एवढेच काम. ते उणे चिन्ह लावून एका ओळीत होते. लिहिणाराने काय केले? संख्येची दुप्पट करून ती मूळ संख्येतून वजा केली. उत्तर बरोबर येते, पण नाक धरण्यासाठी हात मानेमागून नेला. असा तुकडा लिहिणाऱ्याला प्राथमिक गणिताची समज नाही, असा त्या गटाचा अभिप्राय होता. अहवाल झाला, आणि यंत्रणा तरीही बसली.

म्हणजे अज्ञान हे या अन्यायाचे कारण नव्हे. माहिती होती, ती योग्य जागी पोचली नाही, किंवा पोचू दिली गेली नाही. सीमा मिश्रांना दोषी ठरवण्यात आल्यावर पोस्टाच्या एका वकिलाने सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात अशी आशा व्यक्त केली की, आता इतर आरोपी यंत्रणेला दोष देण्याच्या भरीस पडणार नाहीत. २०१३ साली पोस्टाच्याच एका सल्लागार वकिलाने लेखी कळवले की, कंपनीच्या ज्या तज्ज्ञाच्या साक्षीवर खटले उभे होते, त्याने ज्ञात चुका न्यायालयापुढे मांडलेल्या नाहीत. हे मत शिक्षा झालेल्यांच्या हाती पडायला २०२० साल उजाडावे लागले.

ही कोंडी फोडली ती ॲलन बेट्स या गृहस्थांनी. वेल्समधील लँडुडनोजवळ त्यांचे पोस्ट होते. न पटलेली तूट भरायला त्यांनी नकार दिला, आणि २००३ मध्ये त्यांचा करार संपवण्यात आला. मे २००९ मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' या व्यवसायपत्राने सात जणांच्या हकिगती छापल्या. त्याच वर्षी बेट्स यांनी वॉरिकशायरमधील फेनी कॉम्प्टन या गावी पीडितांची सभा बोलावली. 'फक्त तुम्हालाच' हे वाक्य ऐकलेली माणसे तिथे प्रथमच एकमेकांना भेटली. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये चुका होत्या व त्यांमुळे हिशेबात तुटी येऊ शकत होत्या, असा निर्णय दिला. तडजोडीचे ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड मिळाले, पण दाव्याचा खर्च वजा जाता हाती सुमारे १ कोटी २० लाखच उरले. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांना निर्दोष ठरवले. त्यांत हॅमिल्टन व मिश्रा होत्या. २०२४ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर बेट्स यांच्यावरील नाट्यमालिका आली आणि देश हलला. मे २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदाच करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. जुलै २०२५ च्या चौकशी अहवालात सर विन विल्यम्स यांनी नमूद केले की, या प्रकरणापायी निदान तेरा जणांनी आत्महत्या केल्या असाव्यात. त्यांचा खटला कोणते न्यायालय पुन्हा चालवणार?

आता माझी मते. पहिले असे की, यंत्राची साक्ष ही अखेर माणसाचीच साक्ष आहे. प्रोग्रॅम कोणी तरी लिहिलेला असतो, आणि त्या कोणाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करता आले पाहिजे. यावर आक्षेप घेतला जातो की, प्रत्येक खटल्यात संगणक सिद्ध करीत बसलो तर न्यायालये ठप्प होतील. आक्षेप खोटा नाही. साध्या रजिस्टरच्या नकलेसाठी तज्ज्ञ बोलावणे वेडेपणाचे आहे. परंतु जिथे आरोपाचा सगळा डोलारा एकाच यंत्राच्या आकड्यावर उभा आहे, तिथे त्या यंत्राच्या ज्ञात चुकांची यादी समोर ठेवणे ही अवघड गोष्ट नाही. ती यादी कंपनीपाशी असतेच; होरायझनचीही होती. ब्रिटिश न्यायमंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये या गृहीतकाविषयी मते मागवली.

आपल्याकडे काय? आपल्या पुरावा कायद्यात २००० साली आलेले ६५-ब कलम १९६८ च्या एका ब्रिटिश कायद्यावरून जवळजवळ शब्दशः घेतलेले होते, आणि तो कायदा त्यापूर्वीच, १९९५ मध्ये, ब्रिटनने मोडीत काढला होता. त्यांनी टाकलेली खबरदारी आपण उचलली, हे आपले भाग्यच म्हणायचे. संगणक नीट चालत होता असा दाखला त्यात मागितला आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात, १४ जुलै २०२० रोजी, मूळ यंत्र हजर नसेल तर हा दाखला आवश्यकच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात तज्ज्ञाच्या सहीचीही भर पडली आहे. परंतु दाखला शेवटी कागदच. सही करणाऱ्याने आत डोकावून पाहिले की छापील नमुन्यावर शिक्का मारला, हे विचारणारा वकील व ऐकणारा न्यायाधीश हवा.

दुसरे मत माझ्या जातभाईंसाठी आहे, आणि ते सांगण्यापूर्वी एक कबुली देतो. ऐन उमेदीत मी एका व्यापारी पेढीसाठी गोदामाच्या मालाचा प्रोग्रॅम लिहिला होता. काही महिन्यांनी माल कमी भरू लागला आणि गोदामाच्या कारकुनावर संशय आला. ते गृहस्थ जुन्या वळणाचे होते. संगणकावर विश्वास नसल्याने लाल कापडी बांधणीच्या वहीत सर्व आवक-जावक लिहून ठेवीत. ती वही घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, एकदा माझ्या वहीशी ताडून बघा." मी ताडून पाहिले. बटण दोनदा दाबले गेले की माझा प्रोग्रॅम एकच जावक दोनदा धरीत होता. चूक माझी होती. ती वही नसती तर त्या माणसाची नोकरी आणि अब्रू दोन्ही गेली असती, आणि मला पत्ताही लागला नसता.

डालमेलिंग्टनची हकिगत वाचली तेव्हा मला ती लाल वही आठवली. आज कर्ज कोणाला द्यावे, भत्ता कोणाचा थांबवावा, हे यंत्रे सुचवू लागली आहेत, आणि त्यांतली नवी यंत्रे कशी ठरवतात हे ती बनवणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. अशा काळात माणसाच्या हाती स्वतःची वही राहिली पाहिजे, आणि यंत्र चालवणाऱ्याने ती वही उघडून पाहण्याची तयारी ठेवली पाहिजे. आपल्यापैकी कोणाला उद्या खिडकीवरचा कारकून म्हणाला की "संगणक असेच दाखवतो", तर त्याच्यावर रागावू नका. मात्र शांतपणे विचारा, "तो असे का दाखवतो, हे मला लेखी मिळेल का?" आणि पावती जपून ठेवा.