शाळा कोणाच्या हाती?



मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली; पुढले शिक्षण बाजार समितीच्या आवारात हमालांच्या सोबतीने आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तीस वर्षे कामगारांच्या संघटनेत घालवल्यामुळे एक खोड मात्र जडली आहे. कोणतीही संस्था समोर आली की मी तीन प्रश्न विचारतो : पैसा कोणाचा, हुकूम कोणाचा, आणि जाब कोणी कोणाला द्यायचा? आज हेच तीन प्रश्न आपल्या सरकारी शाळेला विचारू.

१८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला गेला. ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन ठेवले. त्यांचा पहिला मुद्दा पैशाचा होता. महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडले. मुंबई इलाख्यात तेव्हा जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांना जाई; तो निम्मा करा, ही जोतीरावांची मागणी. बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले घ्या, हेही त्यांनी सांगितले.

पण त्याच निवेदनातला आणखी एक मुद्दा आपण सहसा सांगत नाही. शाळांसाठीच्या पैशाची सूत्रे शिक्षणखात्याच्या संचालकाकडे असावीत, समित्यांवर शिकलेली, समजदार माणसे नेमावीत. अडाणी पाटील-सरदारांना या पैशावर देखरेख करणे जमणार नाही, असे जोतीरावांचे मत होते. रयतेचा एवढा मोठा कैवारी स्थानिक मंडळींच्या हाती शाळा द्यायला का कचरला? मला याचे उत्तर असे दिसते की, 'गावातले' म्हणजे 'गावातले सारे' नव्हे, हे त्यांनी जाणले होते. गावची समिती म्हणजे गावचे चार वजनदार लोक. सालदाराच्या पोराने शिकावे अशी निकड त्यांना कशी वाटणार?

आयोगाने मात्र प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवण्याची शिफारस केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला होता. मालकी निजामाची आणि कारभार १८५३ पासून इंग्रजांचा, अशा आपल्या वऱ्हाडातही १८८५ साली ग्रामीण मंडळांचा आणि १८८६ साली नगरपालिकांचा कायदा आला. वाशीम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे गेला. तो पुन्हा उभा राहिला १ जुलै १९९८ रोजी. मधली ९३ वर्षे आपल्या शाळांचे जिल्ह्याचे कार्यालय अकोल्यास होते. रिसोडच्या पलीकडच्या खेड्यातील बापाने पोराच्या शाळेला मास्तर नाही म्हणून तक्रार करायची तर दोन दिवसांची मजुरी बुडवून अकोला गाठायचे! हुकमाची जागा दूर गेली की जाब विचारणारा आपोआप कमी होतो.

सक्तीच्या शिक्षणाची कथाही हीच. नामदार गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक पुढल्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे मोफत शिक्षण आणले. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पण सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेच्या इच्छेवर आणि ऐपतीवर सोडले. जिथे कर वाढवायची हिंमत नाही तिथे सक्ती कागदावर राहणार, हे उघड होते. खुर्चीवर माणूस कोण आहे यावर बरेच ठरते, हेही खरे. पंजाबराव देशमुख १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. कौन्सिल आधीही होते. तिचा उपयोग तेव्हा झाला.

शेजारच्या मुंबई प्रांताने १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे दिला. पंधरा वर्षांत, १९३८ साली, खेर मंत्रिमंडळाला कायदा दुरुस्त करून देखरेखीचे अधिकार पुन्हा सरकारकडे घ्यावे लागले. आपल्याकडे १९४८ साली तहसीलवार जनपद सभा आल्या. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र झाला. मग आपल्या शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक यांच्या समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा परिषदेकडे, तिच्या शिक्षण समितीकडे आल्या.

ऐंशी वर्षांचा हा झोका पाहा : शाळा सरकारकडून मंडळाकडे, मंडळाकडून सरकारकडे, पुन्हा परिषदेकडे. या सगळ्या ओढाताणीत एक माणूस कोणत्याच कायद्याने खुर्चीवर बसवला नव्हता : ज्याचे पोर त्या शाळेत बसते तो पालक.

त्याला कायद्याने हक्काची जागा दिली ती २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने. १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा करणे, ही समितीची कामे. जोतीरावांच्या शंकेला १२७ वर्षांनी कायद्याने दिलेले हे उत्तर आहे : समिती हवी, पण ती पाटलांची नव्हे, पालकांची.

आता व्यवहार सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या अशा समितीचे सभावृत्त माझ्या पाहण्यात आले. वही नेटकी, अक्षर सुंदर. दिवाळीनंतरच्या चार सभा आणि चारही सभांना एका मजूर आईची सही. मी थबकलो. कारण ती बाई त्या चारही महिन्यांत परजिल्ह्यात वीटभट्टीवर होती. मला हे पक्के ठाऊक होते. तिच्या उचलीचा हिशेब आमच्याच संघटनेने भांडून सोडवला होता. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, मी कमिटीत हाओ, हे मले आत्ताच तुमच्याकून कळलं."

कायद्याने दिलेली खुर्ची वहीने परत घेतली ती अशी. मी हे मास्तरांवर ढकलत नाही. आमच्या संघटनेतही हजेरीच्या वहीवर चालणाऱ्या सभा मी पाहिल्या आहेत. सभासद आला नाही की वही त्याच्यासाठी बोलू लागते.

आणि आज वहीने बोलणे परवडणारे नाही. जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील गणेशपूरच्या शाळेचा पट एकवर आल्याची बातमी देशभर गेली. त्या एका पटासाठी शाळा उघडत होती, हे त्या व्यवस्थेचे भूषणच. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांवर होत्या. मोठ्या शाळेत शिक्षक, सोबती, साधने अधिक मिळतात, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण कायदा पहिली ते पाचवीसाठी एका किलोमीटरच्या आत शाळा सांगतो. पावसाळ्यात नाला ओलांडून सात वर्षांची मुलगी रोज जाईल का, याचे उत्तर तक्त्यात नसते. तिच्या आईकडे असते. मार्च २०२२ पासून तर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. तेव्हा निवडून आलेली शिक्षण समिती तिथे नव्हतीच. अशा वेळी जाब विचारायला पालकांची समिती तेवढी उरते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. समितीची सभा मजुरांच्या सवडीने, संध्याकाळी भरवा. मजूर कामावर जाण्यापूर्वी एक सभा घ्या आणि ते परतल्यावर दुसरी. सभावृत्त सर्वांसमोर मोठ्याने वाचा आणि मगच सह्या घ्या. हमालांच्या संघटनेत आम्ही हे केले, तेव्हा पहिल्या सभेत भांडणे झाली, दुसऱ्या सभेत हिशेब झाला.

पैसा रयतेचा आहे, हे जोतीरावांनी सांगून ठेवले. हुकूम कधी नागपूरचा, कधी मुंबईचा, कधी अकोल्याचा होत आला. जाब विचारण्याची जागा मात्र आता तुमच्या गावात, शाळेच्या ओसरीवर आहे. ती रिकामी ठेवू नका. पुढल्या सभेला जा, आणि त्या वीटभट्टीवरच्या बाईलाही निरोप धाडा.