कपाटातला शेरा

शाळा सोडल्याचा दाखला ज्यांनी जपून ठेवला आहे त्यांनी तो एकदा काढून पाहावा. नाव, जन्मतारीख, जात, शाळा सोडण्याचे कारण आणि त्यातच कुठेतरी एक रकाना, ‘वर्तणूक’. त्यापुढे बहुतेकांच्या नशिबी एकच शब्द येतो, ‘चांगली’. मी आजवर पाहिलेल्या दाखल्यांत तरी दुसरा शब्द वाचलेला नाही. आठवडाभर वर्गाबाहेर अंगठे धरून उभे राहणाऱ्यांचीही वर्तणूक चांगलीच! त्या एका शब्दात गुरुजींचा मोठेपणा होता असे मला अजूनही वाटते. मुलगा जाताना त्याचे पाप शाळेने पोटात घालायचे, त्याच्या पाठीवर बांधून पाठवायचे नाही.

अमेरिकेत नेमके हेच झाले नाही. तिथे हा रकाना वाढत वाढत लोखंडी कपाटाएवढा झाला, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असावी यावर तिथल्या सरकारी शाळांत अर्धशतकाहून अधिक काळ भांडण चालू आहे.

आधी थोडे व्यवस्थेबद्दल. तिथला ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. एक गाव, दोन-चार गावे किंवा एखादे शहर मिळून शाळा चालवणारी ती एक स्वतंत्र संस्था असते. असे 13 हजारांच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी मंडळ लोक निवडून देतात आणि खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. मंडळाच्या बैठका लोकांसमोर घ्याव्या लागतात. आमच्या ग्रामसभेसारखाच आरडाओरडा तिथेही होतो. मात्र एखाद्या कर्मचाऱ्याचा विषय आला की दार लावून बसायची मुभा असते. हे दार लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचे आहे.

मुलाची सगळी माहिती एका ठिकाणी साठवावी ही कल्पना मुळात भल्या हेतूची. 1928 मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने त्यासाठी एक नमुना-कार्ड तयार केले. गुण, हजेरी, आरोग्य, आवडीनिवडी... शिक्षक बदलला तरी मूल नव्याने परके होऊ नये, हा उद्देश. पुढे त्यात बुद्धिमापन चाचण्या आल्या, समुपदेशकांची निरीक्षणे आली, शिक्षकांचे शेरे आले. मुलगा घुमा आहे, आई कटकटी आहे, बापाची राजकीय मते विचित्र आहेत, असलेही काहीबाही. आणि हे सगळे मुलाच्या मागे बालवाडीपासून कॉलेजच्या दारापर्यंत फिरू लागले.

ते कोण वाचत होते? 1960 च्या दशकात काही डिस्ट्रिक्टांची पाहणी झाली. निम्म्याहून अधिक ठिकाणी एफबीआय किंवा सीआयएचा माणूस आला तर त्याला फाइल दाखवली जाई. आईबापांना पूर्ण फाइल दाखवणारे डिस्ट्रिक्ट मात्र फारच थोडे. गुप्तहेराला उघडी आणि जन्मदात्याला बंद, असली ती फाइल!

न्यूयॉर्क राज्यात एका बापाला शाळेने असेच परत पाठवले. तो कोर्टात गेला, आणि मुलाच्या नोंदी पाहण्याचा पालकाला हक्क आहे असा निकाल 1961 मध्ये त्याने मिळवला. पण निकाल एका राज्याचा, बाकीचा देश तसाच. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते पेन्सिल्वेनियातल्या नॉरिसटाऊनचे प्रकरण. तिथल्या शाळांनी आठवीच्या मुलांना एक प्रश्नावली द्यायचे ठरवले. आईबाप तुला जवळ घेतात का, घरात तुझ्यावर प्रेम आहे का, असले प्रश्न. आणि उत्तरांवरून पुढे कोण व्यसनी होईल ते हुडकून काढायचे! पालकांना धड माहिती न देता, आणि गप्प राहिले म्हणजे त्यांची संमती आहे असे धरून हे चालणार होते. एका आईने दावा लावला आणि 1973 मध्ये फेडरल न्यायालयाने तो बेत थांबवला. न्यायाधीशांची भीती साधी होती. ज्याच्यावर ‘होऊ घातलेला व्यसनी’ असा शिक्का बसला त्याला शिक्षक आणि सवंगडी तसेच वागवणार, आणि ते पोर खरेच तसे होऊन बसायचे. आपल्याकडे ‘वाया गेलेला’ हा शिक्का किती सहज बसतो ते आठवून पाहा.

याच सुमारास नियतकालिकांतून शाळांच्या गुप्त फायलींवर लेख येऊ लागले होते. सिनेटर जेम्स बकली हे न्यूयॉर्कचे, कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह. त्यांनी शिक्षणाच्या एका मोठ्या विधेयकात सभागृहातच एक दुरुस्ती सुचवली. समितीपुढे सुनावणी नाही, साक्षीपुरावे नाहीत. वॉटरगेटने देश ढवळून निघाला होता. सरकारी फायली म्हटल्या की लोकांच्या कपाळावर आठ्या चढत. निक्सन 9 ऑगस्ट 1974 रोजी पायउतार झाले आणि 21 ऑगस्टला नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्या विधेयकावर सही केली. हाच ‘फर्पा’ कायदा. पालकांना 45 दिवसांच्या आत फाइल दाखवा, चुकीच्या नोंदीला हरकत घेऊ द्या, त्यांच्या लेखी संमतीवाचून ती बाहेर देऊ नका. आणि विद्यार्थी 18 वर्षांचा झाला की हे हक्क त्याचे. घाईत शिवलेल्या अंगरख्याला ठिगळेही लगेच लागली. त्याच वर्षी 31 डिसेंबरला दुरुस्ती झाली आणि शिक्षकाने केवळ स्वतःसाठी ठेवलेली टिपणे कायद्याबाहेर गेली.

पुढची गंमत सांगायलाच हवी. ओक्लाहोमातल्या ओवासो गावच्या एका आईने तक्रार केली, की वर्गात मुलांना एकमेकांच्या वह्या तपासायला लावून मोठ्याने गुण सांगायला लावतात, हा फर्पाचा भंग आहे. आपण सगळेच या परीक्षेतून गेलो आहोत... शेजारच्याने आपला भोपळा वर्गभर जाहीर केलेला असतो! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2002 मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितले की यात कायद्याचा भंग नाही. शिक्षकाच्या नोंदवहीत चढेपर्यंत तो गुण म्हणजे शाळेने जपलेला दस्तऐवज नव्हे. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवले की फर्पा मोडला म्हणून व्यक्तीला दावा लावता येत नाही. शिक्षा एकच, केंद्राचा निधी बंद करणे. पहिल्या पन्नास वर्षांत ती एकाही शाळेवर बजावली गेली नाही.

आणि पालकांसाठी उघडलेले हे कपाट हळूहळू संस्थांची ढालही झाले. मिसुरीतल्या एका विद्यापीठाने आवारातल्या गुन्ह्यांचे अहवालसुद्धा ‘विद्यार्थ्यांच्या नोंदी’ म्हणून दडवले. विद्यार्थी-वृत्तपत्राच्या संपादिकेने 1991 मध्ये खटला जिंकला आणि पुढच्या वर्षी काँग्रेसला कायदा स्पष्ट करावा लागला.

पण मला खरी खंत वाटते ती दुसऱ्याच फायलीची. मुलाच्या फाइलमध्ये इतके बारकावे, आणि मुलाला हात लावणाऱ्या प्रौढाची फाइल कोरी! शिक्षकाविरुद्ध गंभीर तक्रार आली की ते बंद दार कामी येई. राजीनामा द्या, आम्ही गप्प राहतो, वर शिफारसपत्रही देतो. तो माणूस शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये रुजू. याला तिथे ‘कचरा पुढे ढकलणे’ असेच म्हणतात. पेन्सिल्वेनियातला असा एक शिक्षक शिफारस घेऊन वेस्ट व्हर्जिनियात गेला, मुख्याध्यापक झाला, आणि 1997 मध्ये तिथे एका 12 वर्षांच्या मुलाचा त्याने जीव घेतला. ‘वर्तणूक: चांगली’ हा शेरा मुलाच्या दाखल्यावर मला मोठेपणाचा वाटतो. तोच या माणसाच्या पत्रावर वाचला की पोटात कालवते.

या दोन राज्यांचेच दोन सिनेटर, रिपब्लिकन पॅट टूमी आणि डेमोक्रॅट जो मँचिन, या प्रश्नावर एकत्र आले. 2015 च्या शिक्षण कायद्यात कलम आले: मुलाशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे ठाऊक असताना किंवा तशी सबळ शंका असताना कोणी त्या कर्मचाऱ्याला नवी नोकरी मिळवून देऊ नये, आणि केंद्राचा निधी हवा असेल तर राज्यांनी तसे नियम करावेत. पण त्याच कलमाने नेहमीच्या कार्यालयीन कागदांची रवानगी मोकळी ठेवली आहे. म्हणजे कोरी फाइल आजही पुढे जाऊ शकते.

पेन्सिल्वेनियाने त्याआधीच, 2014 मध्ये, अधिक कडक वाट धरली होती. शाळेत नोकरी मागणाऱ्याने, जिथे जिथे मुलांशी संबंध येणारे काम केले त्या सगळ्या मालकांची नावे द्यायची. नव्या शाळेने त्या प्रत्येकाला विचारायचे: या माणसावर अशा तक्रारीची चौकशी झाली होती का, ती चालू असताना त्याने राजीनामा दिला होता का? आणि उत्तर 20 दिवसांत, लेखी, सहीनिशी आले पाहिजे. ‘आपसात मिटले आहे’ असे सांगून आता गप्प बसता येत नाही. मिटवण्याचे तसले करारच त्या कायद्याने बंद केले आहेत.