अरुंद रुळांची वाट

एक प्रसंग आपल्यापैकी अनेक कुटुंबांना अपरिचित नसेल. मुलगा शिकतो, चांगल्या कंपनीत लागतो, घरात स्थैर्य येते. आणि एके दिवशी जेवताना तो सांगतो की, आपण नोकरी सोडून स्वतःचा उद्योग काढणार आहोत. क्षणभर कोणी बोलत नाही. आई रात्री जपमाळ हाती घेते. वडील पगाराचा, घराच्या हप्त्यांचा हिशेब मांडतात. रविवारी मिस्सा आटोपल्यावर मामा मुद्दाम समजूत घालायला येतात. यांपैकी कोणीही त्या मुलाचे वैरी नसते. त्याच्या डोळ्यांपुढे जे उभे आहे ते त्यांना दिसत नाही, एवढेच. विरोधाशी झुंज देता येते. आपल्याच माणसांच्या या न समजण्याला कसे सामोरे जावे, हे मात्र कोणी शिकवीत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला लातूरला आलेल्या पहिल्या आगगाडीचा इतिहास आठवतो. तो एका माणसाच्या हट्टाचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाड्याची काळी माती कापूस, जवस, ज्वारी, तूर भरभरून देई. पण तो माल बाजारापर्यंत न्यायचा तर बैलगाडीवाचून दुसरे साधन नव्हते. पावसाळ्यात तीच काळी माती गाडीची चाके आसापर्यंत गिळून टाकी. नांदेडचे भाग्य थोडे आधी उजळले. हैदराबादहून मनमाडकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग निजाम सरकारच्या पाठबळाने १९००च्या सुमारास नांदेडवरून गेला. लातूर त्या वाटेवर नव्हते. पश्चिमेकडे मुंबई-सोलापूर हा जी. आय. पी. रेल्वेचा रुंद मार्ग होता. त्यावरील ‘बार्शी रोड’ म्हणजे आजचे कुर्डुवाडी स्थानक. कापसाची पेठ असलेले बार्शी गावच तेथून सुमारे ३५ किलोमीटर दूर होते. लातूर तर त्याच्याही कितीतरी पलीकडे.

या जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत १८८२ मध्ये एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप नावाचा तरुण इंग्रज अभियंता दाखल झाला. त्याचा जन्म १८५७चा, एका शेतकऱ्याच्या घरचा. इंग्लंडमधील रेल्वे कारखान्यांत उमेदवारी करून तो इंजिनांचा निरीक्षक म्हणून येथे आला होता. आपल्या कामाबाहेरचे पाहण्याची त्याला खोड होती. मुख्य मार्गावर गाड्या धावतात, पण आतल्या गावांचा माल रुळांपर्यंत पोहोचतच नाही, हे त्याने हेरले. मोठ्या नदीला जसे ओढे येऊन मिळतात तसे छोटे, स्वस्त लोहमार्ग मुख्य रेल्वेला येऊन मिळाले पाहिजेत, हा त्याचा विचार होता. कंपनीने अशी कामे स्वतःच्या अंगावर घेतली नाहीत. अखेर १८८०च्या दशकाच्या शेवटी त्याने नोकरी सोडली.

न समजणाऱ्यांचीही एक बाजू होती, आणि ती पोकळ नव्हती. जी. आय. पी.चे रूळ साडेपाच फूट रुंदीचे. कॅलथ्रॉप मागत होता अवघा अडीच फुटांचा मार्ग. दोन मार्ग जेथे भेटतील तेथे प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागणार. शिवाय एवढ्या अरुंद रुळांवर जड माल पेलेल कसा, अशी शंका कोणालाही यावी. अरुंद रूळ म्हणजे खेळण्यातली गाडी, हा समज सहज होण्याजोगाच होता.

कॅलथ्रॉपचे उत्तर गणिताचे होते. रूळ, पूल आणि भराव किती भक्कम हवेत, हे संपूर्ण गाडीच्या वजनावर अवलंबून नसते. एका आसावर किती भार पडतो यावर ते ठरते. म्हणून त्याने एक मर्यादा घालून घेतली. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. भार अधिक चाकांवर सारखा वाटला की हलके रूळ पुरतात. रूळ हलके झाले की खर्च उतरतो. आणि खर्च उतरला की ज्या मुलखात मोठी रेल्वे कधीच परवडणार नाही तेथेही गाडी जाऊ शकते. आज हे वाचताना सोपे वाटते. तेव्हा ते पटवून देण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहायला १८९५ साल उजाडले.

पुढे त्याने जे केले ते आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गाड्या हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी त्याने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे अडीच फुटी चाचणीमार्ग घातला आणि त्यावर आपली इंजिने व वाघिणी प्रत्यक्ष चालवून दाखविल्या. ज्यांना कागदावरचे आकडे पटत नव्हते त्यांना आता डोळ्यांनी पाहता येत होते. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांची झाली. १९११ मध्ये ती लातूरला आली. १९२७ मध्ये मिरजेपर्यंतचे काम पुरे झाले, तेव्हा मिरज ते लातूर हा एकूण सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग तयार झाला होता. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात कॅलथ्रॉपचे निधन झाले होते.

लातूरच्या मोंढ्याला या छोट्या गाडीने मुंबईचे दार उघडून दिले. पुढे ज्या गंजगोलाईभोवती शहराचा व्यापार वाढला, तेथे येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवरून धान्याच्या, डाळींच्या, तेलबियांच्या गाड्या स्टेशनाकडे वळू लागल्या. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या कंपनीचे भांडवल विलायतेतील होते आणि नफ्याचा ओघही तिकडेच जाई. ज्यांनी उन्हातान्हात भराव घातले, खडी फोडली, त्या मजुरांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत. उद्योजकाचे कौतुक करताना त्या हातांचा विसर पडू नये.

आणखी एक सावधगिरी. ‘चिकाटी धरली की जग शेवटी ऐकतेच,’ असे या कथेचे तात्पर्य काढले तर ते खोटे ठरेल. कॅलथ्रॉपच्याच आयुष्याचा उत्तरार्ध त्याला साक्षी आहे. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान कोसळून मरण पावला. त्या आघातानंतर कॅलथ्रॉपने वैमानिकांसाठी हवाई छत्री बनविण्याचा ध्यास घेतला. तिचे नाव त्याने ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षक देवदूत, असे ठेवले. येथेही त्याने करून दाखविले. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून ती छत्री घेऊन उडी मारण्यात आली. तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाच्या वैमानिकांना छत्री मिळाली नाही. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक छत्र्या वापरू लागले होते. ब्रिटिश तरुण मात्र पेटलेल्या विमानांतच राहिले. माणूस तोच, हट्ट तोच, प्रात्यक्षिकही तसेच. एकदा जगाने पाहिले, एकदा पाहण्याचे नाकारले. त्या नकाराची किंमत कॅलथ्रॉपपेक्षा इतरांनीच अधिक मोजली.

म्हणून वाट बदलू पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आम्ही एवढेच म्हणू की, न समजले जाणे हा आपण बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. मोजमाप करावे, आसावरचा भार आधी ठरवावा आणि छोटासा का होईना, चाचणीमार्ग घालून दाखवावा. आणि आईवडिलांना, मामा-काकांना आमची विनंती अशी की, प्रश्न जरूर विचारावेत; ते प्रेमापोटीच असतात. परंतु जेव्हा तो म्हणेल, ‘या, बघायला या,’ तेव्हा जावे. समजलेच पाहिजे असे नाही. पाहायला जाणे मात्र आपल्या हातात असते.

बार्शी लाइट १९५४ मध्ये भारत सरकारच्या ताब्यात आली. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात लातूरपर्यंतचा मार्ग रुंद झाला आणि त्याने धाराशिवचे वळणही घेतले. २०१६च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाणी भरून निघालेली पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही तिची वाट. एके काळी याच गावांना अडीच फुटांच्या रुळांनी एकत्र जोडले होते.