कारखान्याची खबर आणि कॅमेऱ्याची नजर

1920 साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, तेव्हा त्याचा वाङ्‌मयाशी संबंध यावा असे काही कारण नव्हते. नांगर आणि उसाचे चरक तयार करणाऱ्या एका कारखान्याचे ते घरचे पत्र होते. मालाची आणि कारखान्याची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवावी एवढाच त्याचा उद्देश. पण ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर हे मुळात चित्रकार होते, आणि काही वर्षांतच या घरच्या पत्राचे मराठी मध्यमवर्गाची अभिरुची घडवणारे मासिक झाले. नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आम्ही हे दरवर्षी सांगतो. जाहिरातीच्या पोटी वाङ्‌मय जन्मले म्हणून वर्गात कोणी नाक मुरडत नाही.

हाच न्याय आपण चित्रपटाला मात्र लावत नाही. एखाद्या कंपनीने पैसे देऊन करवून घेतलेला माहितीपट (आजच्या भाषेत ‘कॉर्पोरेट व्हिडिओ’) समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. त्यातही दिग्दर्शकाचे नाव मोठे असेल तर त्याच्या सूचीत एखादी ओळ मिळते. कॅमेरामागे उभा असलेला छायाचित्रणकार तिथेही नसतो. आम्हाला हे अन्यायाचे वाटते, आणि त्याहून अधिक म्हणजे वाचनातील चूक वाटते. अशा चित्रपटात पैसा कंपनीचा असतो, निवेदनातील शब्दही बहुधा कंपनीला हवे तेच असतात. पैसा खर्च होऊन जातो, शब्द दहा वर्षांत शिळे होतात. मागे उरते ती प्रतिमा, आणि ती टिपणारा माणूस भाडोत्री असतो. या भाडोत्री माणसाने नेमके काय पाहिले आणि काय पाहायचे टाळले, हा आमच्या मते या चित्रपटांच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

आश्रयाखाली केलेली निर्मिती आपल्याला नवी नाही. ऐहोळेच्या शिलालेखात (इ. स. 634) रविकीर्ती पुलकेशीची प्रशस्ती गातो आणि तेवढ्यात स्वतःला कालिदास-भारवींच्या पंक्तीतही बसवून घेतो. कवीला ती मुभा होती. पण ताम्रपट कोरणाऱ्याचे नाव कुठे आलेच तर शेवटी, कोपऱ्यात. छायाचित्रणकार हा त्या कोरणाऱ्याच्या जातकुळीतला.

आपल्याकडच्या चित्रपटाचा आरंभच मुळी या प्रकारच्या एका कामाने झाला, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळक्यांना भांडवल हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर तो वेल क्षणार्धात वाढताना दिसू लागला. ‘अंकुराची वाढ’ हा तो लहानसा चित्रपट भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी होता. म्हणजे त्याचा अपेक्षित प्रेक्षक एक सावकार होता! पुढे तळेगावच्या काच कारखान्यावरही त्यांनी एक लघुपट केला. पैसा फंडाच्या वर्गणीतून उभा राहिलेला तो कारखाना स्वदेशीच्या काळातला एक अभिमानाचा विषय होता. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (1913) इतिहासात आपण फाळक्यांचे नाव घेतो ते योग्यच, पण त्याचे छायाचित्रण त्र्यंबक तेलंगांनी केले होते, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही ठाऊक नसते. (खरे सांगायचे तर आम्हालाही ते फार उशिरा कळले.)

या प्रकाराचे सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि त्यापाशी थोडे थांबायला हवे. रॉबर्ट फ्लाहर्टी हा माहितीपटाचा आद्यपुरुष मानला जातो. त्याच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ला (1922) फरचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच पेढीचे पैसे होते. त्या वेळी कॅमेरा त्याने स्वतःच चालवला. इग्लूच्या आत उजेड पुरेना म्हणून अर्धी उघडी इग्लू बांधून घेतली. दोन तपांनंतर न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने त्याला तेलविहिरींवर चित्रपट करायला सांगितले. अटी ऐकून आजचा कोणताही निर्माता हेवा करील. कंपनीने अडीच लाखांहून अधिक डॉलर दिले, चित्रपटाचे उत्पन्न फ्लाहर्टीचे, आणि श्रेयनामावलीत कंपनीचे नावही नको. कंपनी इतकी उदार का झाली हे चित्रपट पाहिल्यावर कळते.

‘लुइझियाना स्टोरी’ (1948) या चित्रपटाचा कॅमेरा रिचर्ड लीकॉकने सांभाळला. या तरुणाची पूर्वपीठिका मोठी बोलकी आहे. कॅनरी बेटांवर त्याच्या वडिलांची केळीची बाग होती. इंग्लंडच्या शाळेतल्या मित्रांना आपले घर कसे असते हे सांगता येईना, म्हणून चौदाव्या वर्षी, 1935 साली, त्याने केळीच्या लागवडीवर एक लहान चित्रपट केला. त्याच शाळेत फ्लाहर्टीच्या मुली शिकत होत्या, ओळख तिथली. दुसऱ्या महायुद्धात त्याने ब्रह्मदेशात आणि चीनमध्ये सैन्याचा कॅमेरामन म्हणून काम केले. म्हणजे हा माणूस आधी बाग, मग युद्ध आणि त्यानंतर तेलविहीर पाहत आला.

चित्रपटाची कथा साधी आहे. दलदलीच्या प्रदेशातला एक मुलगा लहानशा होडीतून हिंडतो. भुताखेतांपासून रक्षण व्हावे म्हणून कमरेला मिठाची पुरचुंडी, सदऱ्याच्या आत एक बेडूक. एके दिवशी पाण्यावरून तेलविहीर खोदण्याचा अजस्र मनोरा तरंगत येतो. त्याच्याशी मुलाची मैत्री होते, विहिरीत स्फोट होतो, मग तेल लागते, आणि मनोरा जसा आला तसा निघून जातो. मागे पाण्यात उरतो तो एक झडपांचा खांब. त्यावर बसून मुलगा जाणाऱ्यांना हात हलवतो.

लीकॉकचे काम पाहायचे ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे आरंभीची दलदल: पानांवरचे थेंब, पाण्यातून सरकणारी सुसर, झाडांवरून लोंबणारे शेवाळ आणि त्यांतून निघालेली होडी. एक अक्षर न बोलता कॅमेरा तिथे आपल्याला पाण्याच्या पातळीवर आणून बसवतो. फ्लाहर्टीने वापरलेला ॲरिफ्लेक्स हा कॅमेरा हलका होता, आणि भिंगातून जे दिसते तेच चित्रणकाराच्या डोळ्याला दिसेल अशी आरशाची सोय त्यात होती. चालता-वळता नेम धरता येणे याचा अर्थ काय, हे या दृश्यांत कळते. दुसरे ठिकाण म्हणजे खोदकाम. ते आधी दिवसाउजेडी चित्रित झाले होते, पण त्यात दम नव्हता. नुसती लोखंडी सांगाड्याची हालचाल. मग तेच काम रात्री चित्रित केले. अंधारात दिव्यांच्या झोतांखाली ओले लोखंड, गरगरणारी साखळी आणि तिच्याशी झटणारी माणसे एकदम जिवंत झाली. हा निर्णय निव्वळ छायाचित्रणाचा आहे. कंपनीने रात्र मागितली नव्हती.

इथेच आमची अडचण सुरू होते. ही रात्र इतकी सुंदर आहे की तेलाच्या धंद्याबद्दल कोणताही प्रश्न मनात उभा राहत नाही. यंत्र येते, मुलाशी खेळते, आणि पाण्यावर ओरखडाही न उठवता निघून जाते. निवेदकाने हेच शब्दांत सांगितले असते तर प्रेक्षक सावध झाला असता. कॅमेऱ्याने सांगितले म्हणून तो विरघळला. कंपनीने आपले नाव वगळून जे विकत घेतले ते हेच. लुइझियानाच्या किनाऱ्याची पुढची हकीगत आता सर्वांना ठाऊक आहे: 1932 ते 2016 या काळात तिथली सुमारे 4,800 चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. अवघे गोवा राज्य 3,702 चौरस किलोमीटरचे, यावरून कल्पना यावी. नदीला घातलेले बांध, खचणारी भूमी अशी कारणे अनेक आहेत; तेल आणि वायूसाठी दलदलीतून खणलेले कालवे हे त्यांतले एक ठळक कारण. लीकॉकच्या कॅमेऱ्याने या सगळ्यावर पांघरूण घातले, असे म्हणणे भाग आहे.

पण तेवढेच म्हणून थांबता येत नाही. जी दलदल गेली ती कशी होती, हे पाहायचे तर आज त्याच चित्रपटाकडे जावे लागते. पानावरचा थेंब टिपायला कोणी सांगितले नव्हते. तेलविहिरीच्या चित्रपटात त्याची गरजही नव्हती. मालकाची सेवा आणि हरवलेल्या भूमीची साक्ष एकाच रिळात, एकाच हाताने केलेली आहे. प्रशस्तिलेखातून आपण गावांची नावे, झाडांची नावे, करांचे प्रकार वेचतो आणि राजाच्या पराक्रमाकडे हसून पाहतो. तसेच वाचन या चित्रपटांचे व्हायला हवे.

फ्रान्समध्ये 1958 साली पेशिने या कंपनीने प्लास्टिकवर एक चित्रपट करवून घेतला, ‘ल शाँ द्यु स्तिरेन’. दिग्दर्शक आलँ रेने, निवेदन रेमाँ क्नो यांचे आणि तेही बारा अक्षरगणांच्या अभिजात फ्रेंच वृत्तात. साहित्याच्या अभ्यासकांना या पद्यमय निवेदनाचेच कौतुक असते. आम्हाला मात्र साशा व्हिएर्नी याच्या कॅमेऱ्याने अस्वस्थ केले. रंगीत नळ्या, साचे, यंत्रे यांच्या कडेने कॅमेरा संथ, निर्विकार सरकत राहतो, तयार वस्तूपासून उलट मागे, पार कच्च्या मालापर्यंत. ही सरकती चाल आपण आधी पाहिलेली असते. ‘नाइट अँड फॉग’मध्ये (1956) नाझी छळछावण्यांच्या ओसाड अवशेषांतून अशाच संथ गतीने फिरणाऱ्या कॅमेऱ्यामागे जे दोघे होते, त्यांतला एक व्हिएर्नी. कंपनीच्या अधिकाऱ्यांना हे नाते जाणवले असेल काय? बहुधा नसावे. पण हात तोच होता.

नेदरलँड्समधल्या बर्ट हान्स्ट्राची गोष्ट जरा वेगळी, आणि सुखाची. लेरडामच्या काच कारखान्यासाठी त्याने नेहमीच्या धर्तीचा एक माहितीपट करून दिला आणि त्याबरोबरच ‘ग्लास’ (1958) हा अकरा मिनिटांचा दुसरा चित्रपट केला. त्यात निवेदन नाहीच, आणि आमच्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा विजय. छायाचित्रणकार एडी फान देर एंडेन याचा कॅमेरा काच फुंकणाऱ्यांच्या फुगलेल्या गालांपाशी, बोटांपाशी, ओठांतल्या सिगारपाशी इतका रेंगाळतो की आपण काच विसरतो. मग यंत्रावर तयार होणाऱ्या बाटल्या येतात. एक फुटकी बाटली पट्ट्यावर अडते. यंत्राला ते कळत नाही. ते पुढची बाटली ढकलते, ती फुटते, मग त्यापुढची. अखेर एक माणूस येतो आणि ती बाजूला करतो. कारखान्याच्या पैशांत कारखान्याची इतकी खेळकर फजिती दुसरीकडे आमच्या पाहण्यात नाही. 1960 मध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

भारतात याच दशकात टाटा स्टीलसाठी हरिसाधन दासगुप्तांनी माहितीपट केला. पटकथा सत्यजित रायांची, संगीत रविशंकरांचे, संकलन हृषीकेश मुखर्जींचे, आणि कॅमेरा क्लोद रेन्वार यांचा. ज्याँ रेन्वार यांच्या ‘द रिव्हर’चे (1951) छायाचित्रण करायला बंगालात आलेले हेच. इतकी मातब्बर मंडळी एका चित्रपटात आली, आणि तो चित्रपट यांपैकी कोणाच्याही चरित्रात तळटीपेपलीकडे जात नाही. फीचर फिल्म असती तर त्यावर आतापर्यंत दोन-तीन प्रबंध पडले असते. असो.

पुढे फीत गेली आणि व्हिडिओ आला. हा बदल निव्वळ तांत्रिक नव्हता. 35 मिलिमीटरच्या हजार फुटी रिळात अकरा मिनिटे मावत; ॲरिफ्लेक्सच्या दोनशे फुटी डब्यात दोन मिनिटांहून थोडे अधिक. बटण दाबण्यापूर्वी विचार करावा लागे, आणि तो विचार कॅमेरामागच्या माणसालाच करावा लागे. टेप आल्यावर आणि त्यानंतर कार्ड आल्यावर ही कंजुषी संपली. आधी सगळे टिपायचे, निवड नंतर संगणकासमोर. तिथे कंपनीचा अधिकारी शेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. निवडीचा अधिकार कॅमेऱ्याच्या मागून त्या खुर्चीकडे सरकला, असे आम्हाला वाटते.

हे आम्हाला पुस्तकांतून कळले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही शिकवतो त्या महाविद्यालयाने मूल्यांकनासाठी स्वतःचा एक व्हिडिओ करून घेतला. मराठी विभागाच्या वाट्याला सात सेकंद आले: फळ्यापुढे आम्ही, आणि पुढच्या बाकांवर इस्त्रीचे कपडे घालून बसवलेली मुले. कॅमेरामन पंचविशीतला, अबोल मुलगा होता. दुपारी सगळे जेवायला गेले असता तो ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत शिरला. तिथे आमचे शिपाईमामा फाटक्या पुस्तकांची बांधणी करत बसले होते: खळ लावलेला कागद, दाभण, दोरा, दातांत धरलेले दुसरे टोक. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो अर्धा तास त्यांच्या हातांवर कॅमेरा लावून बसला. मामांनी एकदाही वर पाहिले नाही. आम्ही दारात उभे राहून हे पाहिले.

तयार व्हिडिओत ते हात नव्हते. ग्रंथालय जुनाट दिसते, असे वरून सांगण्यात आले होते. त्या जागी संगणकांची रांग आली. पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात दाखवता येईल म्हणून आम्ही त्या मुलाला फोन केला. त्याला ते दृश्य चांगले आठवत होते. ते कार्ड त्याने त्याच आठवड्यात पुसून एका लग्नाला वापरले होते.