गावातले धान्य, गावाबाहेरचा भाव

अमरावतीहून नागपूरकडे जाणारा महामार्ग नांदगाव पेठ, मोझरी, तिवसा ही गावे ओलांडून वर्धा नदीकडे उतरतो. रेल्वे मात्र तिवशाच्या दक्षिणेकडून गेली, चांदूर आणि धामणगाववरून, आणि या दोन्ही गावांच्या नावाला ती कायमची चिकटली: चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे. १८६७ मध्ये मुंबईची गाडी या वाटेने नागपूरला पोचली. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १९०० साली, याच वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली. या दुष्काळाचे कारण विचारले की पाऊस पडला नाही असे उत्तर मिळते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. पाऊस वऱ्हाडात त्याआधीही अनेकदा बुडाला होता. वऱ्हाडच्या साध्या माणसाला उपासमारीपासून वाचवणाऱ्या तीन गोष्टी होत्या: मिश्र पिकांचे शेत, गावातला धान्याचा साठा आणि धान्याच्या रूपात मिळणारी मजुरी. चाळीस वर्षांत या तिन्ही गोष्टी खिळखिळ्या झाल्या आणि त्यांच्या जागी दुसरा आधार उभा राहिला नाही. १९०० च्या मृत्यूंचे मूळ इथे आहे असे मला वाटते. जगाच्या अन्नसुरक्षेची आज जी चर्चा चालते, तिला हा इतिहास फार जवळचा आहे.

आधी शेत पाहू. वऱ्हाडची ज्वारी खरिपाची. सोलापूर-नगरकडची रब्बी ज्वारी थंडीत वाढते. इथली मृगाच्या पावसावर पेरली जाते आणि कार्तिक-मार्गशीर्षात खळ्यावर येते. तिफणीने पेरताना ज्वारीच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास टाकायचे, मध्ये मूग, उडीद, बरबटी, पऱ्हाटीच्या कडेने अंबाडी, ही इथली जुनी रीत. ज्वारीची मुळे वरच्या थरातला ओलावा घेतात, तुरीचे सोटमूळ खोल जाते. मूग-उडीद दोन-अडीच महिन्यांत घरात येतात आणि भाद्रपदाची ओढ भागवतात. पाऊस लवकर उघडला तर मूग हाती लागे, उशिरा आला तर तूर साधे. सगळी पिके एकाच वर्षी बुडायला फार मोठी आपत्ती लागे. शिवाय ज्वारीचे पीक एकट्या माणसाचे नव्हते. दाणा भाकरीला आणि कण्यांना, कडबा बैलांना, धसकटे चुलीला. बैल जगले तर पुढच्या मृगात वखर चालणार, म्हणून कडब्याची गंजी हीसुद्धा अन्नसुरक्षाच होती. कापूस तेव्हाही होता. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पण त्याला ज्वारीच्या बेवडावर यावे लागे. जमिनीच्या फेरपालटीत दोघांचाही हक्क होता.

दुसरी गोष्ट गावातल्या साठ्याची, म्हणजे जमिनीत खणलेल्या पेवाची, आणि इथे थोडे थांबले पाहिजे, कारण आज पेव पाहिलेली माणसे कमी उरली आहेत. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातून पाणी शिरते. म्हणून पेव गावठाणाच्या पांढरीत, बहुधा पाटील-देशमुखांच्या गढीत किंवा वाड्यात खणलेले असे. तोंड अरुंद, पोट मोठे. खणून झाल्यावर आत जाळ करून भिंती शेकायच्या, शेण-मातीने लिंपायच्या, तळाला आणि कडेने कडबा व कुटाराचा जाड थर द्यायचा आणि मग पूर्ण वाळलेली ज्वारी ओतायची. वर पुन्हा कुटार, दगडी झाकण आणि माती. बंद झालेल्या पेवात धान्य आणि त्यातले किडे श्वास घेत राहतात, आतला प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो आणि किडे मरतात. औषध न मारता ज्वारी वर्षानुवर्षे टिकायची ती यामुळे. हाच वायू माणसालाही मारू शकतो, म्हणून पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच ठेवत आणि आत उतरण्याआधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. भिंतीलगतची ज्वारी तांबूस पडे, तिला वास येई, तिची भाकर चवीला उतरे. पण ती अन्न होती आणि ती गावात होती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. पेव कोणाचे होते? मजुराचे नव्हते, महाराचे-मांगाचे तर नाहीच. ज्याची जमीन त्याचे पेव. गरिबाला त्यातली ज्वारी मिळे ती सवाई-दिढीने, म्हणजे चार पायल्या नेल्या तर सुगीत पाच किंवा सहा परत. बलुत्याची पद्धतही न्यायाची नव्हती. मान, अपमान आणि जात तिच्यात घट्ट विणलेली होती. पेवांनी दुष्काळ नाहीसा केला असेही नाही. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या, सैन्याने मुलूख तुडवला आणि मागोमाग दुष्काळ आला. त्या जुन्या गावाचा गौरव करण्यात मला रस नाही. पण साठा अन्यायाने ताब्यात असणे आणि साठाच गावात नसणे यांत फरक आहे. पेवातली ज्वारी पाटलाला मुंबईला विकता येत नव्हती. बैलांच्या तांड्यावरून ज्वारीसारखे स्वस्त आणि जड धान्य दूर नेणे परवडत नसे. तेव्हा टंचाईच्या वर्षी ते धान्य गावातच खपे: कर्ज म्हणून, मजुरी म्हणून, बलुते म्हणून. तिसरी गोष्ट, धान्यातली मजुरी, याच साठ्यावर उभी होती: सालदाराची वर्षाची बोली धान्यात ठरलेली असली की भाव चौपट झाला तरी त्याच्या पायल्या तेवढ्याच राहत. मालकाच्या मनात दया असो वा नसो, धान्याला बाहेर जायला वाट नव्हती, आणि गरिबाला आडोसा मिळाला तो यातून.

ही वाट उघडली कापसासाठी. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या रुईचे भाव चढले. हजारो मैलांवरच्या युद्धाने चांदूरच्या शिवारात काय पेरायचे ते ठरवायला सुरुवात केली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे त्यातले प्रसिद्ध नाव. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ज्वारीसाठी कोणी आयुक्त नेमला नाही. दुसरीकडे जमिनीचा सारा रोख रकमेत आणि ठरल्या हप्त्यांवर भरायचा होता. सुगी होताच हप्ता समोर उभा, म्हणून माल लगेच बाजारात न्यावा लागे, आणि रोख देणारे पीक म्हणजे कापूस. चराईच्या, पडीक जमिनी लागवडीखाली गेल्या. वऱ्हाडातल्या गावाला अजून ठाऊक असलेली ई-क्लास, म्हणजे चराईसाठी राखलेली, जमीन त्या काळच्या सरकारी मोजणीचाच अवशेष.

शेतकऱ्याने कापूस आनंदाने लावला, त्याच्या घरात चांदी आली, मग तक्रार कसली, असे यावर विचारले जाते. कापूस आनंदाने लावला हे खरेच आहे, आणि ज्याच्याकडे पन्नास एकर होते त्याने चांगले दिवस पाहिले. खामगाव-अमरावतीच्या बाजारपेठा, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने यातूनच उभे राहिले. अडचण पिकाची नव्हती. युद्ध संपताच भाव कोसळले, पण सारा आणि सावकार कोसळले नाहीत. ज्याच्याकडे दहा एकर होते किंवा काहीच नव्हते, त्याने खायचे धान्य विकत घ्यायचे ठरले आणि ते घेण्याइतके पैसे प्रत्येक वर्षी हातात असतील याची हमी कोणीच दिली नाही. रेल्वेमुळे ज्वारीचा भावही आता गावात ठरत नव्हता. अमरावतीच्या व्यापाऱ्याला बाहेर जास्त भाव मिळत असेल तर पेवाचे झाकण उघडून गाडी भरणे हाच शहाणपणा होता.

१८७६-७८ च्या महादुष्काळाची झळ वऱ्हाडला फारशी लागली नाही. दक्षिणेकडे ज्वारी इथून गेली. त्यावरून हा प्रदेश दुष्काळापासून सुरक्षित आहे असा समज बळावला. १८९६-९७ मध्ये पहिला तडाखा बसला. १८९९ मध्ये पाऊस जवळजवळ पूर्ण फसला: ज्वारी गेली, कापूस गेला आणि कडबाही गेला. गुरे मेली. गावांतले लोक खडी फोडायच्या सरकारी कामांवर गेले, मागोमाग पटकी आली. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडच्या कापसाचा आणि दुष्काळाचा जो अभ्यास केला, त्याच्या आधारे दुसरे इतिहासकार माइक डेव्हिस यांनी नोंदवलेला आकडा वाचून मन सुन्न होते: १८९९-१९०० मध्ये वऱ्हाडात १ लाख ४३ हजार माणसे उपासमारीने मेली, आणि त्याच काळात प्रांतातून कापसाच्या गाठींबरोबर ७ लाख ४७ हजार बुशेल धान्य बाहेर गेले. आजच्या मापात ते सुमारे वीस हजार टन भरेल.

रेल्वेने धान्य आत येऊ शकते, म्हणून रेल्वेने दुष्काळ संपवले, असे सरकारी अहवाल सांगत आले आणि आजही सांगितले जाते. रुळांना दिशा नसते हे कबूल. पण धान्य पैशाच्या मागे जाते, भुकेच्या मागे जात नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात हेच मांडले: दुष्काळात माणसे मरतात ती बहुतेक वेळा अन्न मिळवण्याचा हक्क आणि ऐपत गेल्यामुळे, निव्वळ अन्न नसल्यामुळे नाही. मजूर कापसाच्या वेचणीवर जगत होता. कापूसच नाही तर वेचणी नाही, वेचणी नाही तर पैसा नाही. त्याच्या दारावरून धान्याच्या वाघिणी जात होत्या. १९७२ चा दुष्काळ याची उलट बाजू दाखवतो. महाराष्ट्रात पीक साफ गेले होते, पण रोजगार हमीची कामे निघाली, रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी आली, पोरांना सुकडी मिळाली. मिलोला लोक नाके मुरडत, तरी त्या वर्षी १९०० सारखे मृत्यू झाले नाहीत. तेव्हा रेल्वेही होती आणि मोटारीही. नव्याने आली होती ती मजुरीची हमी आणि सरकारी साठा.

मग प्रश्न सुटला का? उपासमारीने सामूहिक मृत्यू होण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे मोल कमी लेखणे चुकीचे ठरेल. पण शेत आणि साठा या दोन गोष्टी अधिकच मोडकळीला आल्या. १९६४ नंतर संकरित ज्वारी आली, अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ झाले, उत्पन्न वाढले, आणि तरीही पुढच्या काही दशकांत वऱ्हाडातून ज्वारी ओसरत गेली. शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. कणसे भरताना परतीचा पाऊस आला की दाणा बुरशीने काळा पडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आजूबाजूला कोणी ज्वारी पेरत नसेल तर सगळी पाखरे आणि रानडुकरे एकाच शेतावर तुटून पडतात. सोयाबीन शंभर दिवसांत निघते, मागे हरभरा घेता येतो. रेशनवर गहू-तांदूळ नाममात्र दरात आणि २०२३ पासून फुकट मिळत असताना घरची भाकर महाग पडते. सगळी कारणे खरी आहेत. पण परिणाम असा की तिवशाचा शेतकरी आज कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या भावावर जगतो आणि आपल्या शिवारात न पिकणारे धान्य खातो. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना द्यावे लागले, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. कडबा संपला तसे दारातले बैलही संपले.

इतक्या लांबून आलेला साठा किती भरवशाचा, हे जगाने नुकतेच पाहिले. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने गव्हाचे बाजार हलले, आपल्याकडे उन्हाळ्याच्या झळांनी गव्हाचा उतारा घटला आणि मे महिन्यात भारताने गव्हाची निर्यात थांबवली. ती थांबवता आली, कारण ताबा आपल्याकडे होता. १९०० मध्ये वऱ्हाडकडे तो नव्हता. जे देशाला लागू आहे ते तालुक्यालाही लागू का असू नये? गावाने पुन्हा स्वतःपुरते जगावे असे म्हणण्यात अर्थ नाही. कापूस राहणार, सोयाबीन राहणार, बाजार राहणार. पण तालुक्याच्या खाण्याचा काही भाग तालुक्यातच पिकावा आणि तिथेच साठावा, एवढी मागणी व्यवहार्य आहे. ज्वारी टिकत नाही अशी सबब वर्षानुवर्षे दिली गेली आणि सरकारी साठ्यातली ज्वारी तीन महिन्यांत वाटून संपवण्याची अट होती. २०२१ मध्ये केंद्राने ती मुदत नऊ महिने केली. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद पहिल्यापासून आहे. कर्नाटक आपल्या शेतकऱ्यांकडून नाचणी आणि ज्वारी विकत घेऊन आपल्याच रेशन दुकानांतून देतो.

तिवशाच्या बाजार समितीत खरिपाची ज्वारी हमीभावाने वेळेवर घ्यावी, काळा पडलेला दाणा कमी भावाने का होईना पण घ्यावा, तालुक्याच्या गोदामात ठेवावी आणि तिथल्याच रेशन दुकानांतून, शाळांच्या पोषण आहारातून ती परत द्यावी. विद्यापीठाने बुरशीला दाद न देणाऱ्या वाणांवर भर द्यावा. शेतकऱ्याला नुसते ‘ज्वारी पेरा’ असे सांगून काही होणार नाही. घेणारा पक्का असेल तर तो तिफणीत ज्वारी घालील. येत्या खरिपाच्या नियोजनाच्या बैठकीत अमरावती आणि अकोल्याच्या लोकप्रतिनिधींनी हा एक विषय तरी लावून धरावा.